नेट बंद, रेडिओही बंद

मराठा आरक्षणाच्या आंदोलनात 30 ऑक्टोबर 2023 रोजी माजलगाव आणि बीड शहरात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि पाठोपाठ जिल्ह्यातले इंटरनेट बंद करण्यात आले. पुढच्या वर्षी 26 फेब्रुवारीला जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड या तीन जिल्ह्यांत पुन्हा तसाच आदेश निघाला. आंदोलन योग्य की अयोग्य, बंदीची गरज होती की नव्हती, हा वाद इथे घालायचा नाही. त्या दिवसांत एक गोष्ट उघडी पडली आणि तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही, म्हणून हे लिहावे लागत आहे. नेट गेल्याबरोबर जिल्ह्यातला माणूस बहिरा झाला. टीव्हीवर जळत्या गाड्यांची तीच ती दृश्ये फिरत होती. पण आपल्या तालुक्याची एसटी कधी सुटणार, आठवडी बाजार भरणार की नाही, दवाखान्याच्या रस्त्यावर गाडी सोडतात का, हे त्यातून कळण्यासारखे नव्हते. बीडला आकाशवाणीचे एफएम केंद्र आहे. सरकारी निवेदन त्यावरून तासातासाला देता आले असते. पण ते ऐकायला घरात रेडिओ लागतो, आणि घरातून रेडिओ कधीच गेला आहे.

तो किती झपाट्याने गेला हे जनगणनेने नोंदवले आहे. 2001 साली देशातल्या 35.1 टक्के घरांत रेडिओ किंवा ट्रान्झिस्टर होता. 2011 मध्ये हे प्रमाण 19.9 टक्क्यांवर आले. ही स्मार्टफोन गावोगाव पोचण्याच्या आधीची गोष्ट. त्यानंतर काय झाले असेल हे बीडच्या बाजारात एक फेरी मारली तरी समजते. दुकानात रेडिओ मागितला तर पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड लावायचे खोके पुढे येते. त्यावर एफएमचे बटण असते, क्वचित शॉर्टवेव्हचे आकडेही छापलेले असतात, पण त्या शॉर्टवेव्हवर काटा फिरवला तर खरखरीपलीकडे काही लागत नाही.

बंदीचा आदेश नसतानाही मोबाइल दगा देतो. नारायणगडाचा विचार करून पाहा. बीड जिल्ह्यातले हे डोंगरावरचे देवस्थान, नगद नारायण महाराजांचे. पंचक्रोशीत याला धाकटी पंढरी म्हणतात. संत भगवानबाबांची घडण याच गडावर झाली आणि मग ते भगवानगडाकडे गेले. आषाढीला इथून पालखी पंढरपूरला निघते. 12 ऑक्टोबर 2024 च्या दसऱ्याला मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा याच गडावर झाला आणि नारायणगडाचे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आले. अशा ठिकाणी प्रचंड गर्दी जमली की मोबाइलचे काय होते, हे वारीला गेलेल्या कुणालाही विचारावे. दांडी दिसते, फोन लागत नाही. टॉवरला एका वेळी ठरावीक लोकांनाच सामावून घेता येते. प्रत्येक नव्या माणसाबरोबर त्याच्यावरचा भार वाढत जातो. चुकामूक, चेंगराचेंगरी, अचानक आलेला पाऊस, म्हणजे निरोप पोचवायची सर्वांत जास्त निकड असते नेमक्या त्याच वेळी टॉवर हात टेकतो. रेडिओचे तसे नाही. प्रक्षेपक एकदा बोलला की ऐकणारा एक असो वा पाच लाख, त्याला काहीच फरक पडत नाही.

डोंगराचाही प्रश्न आहे. एफएमची लाट जवळजवळ सरळ रेषेत जाते. गडाच्या माथ्यावर ती स्वच्छ लागेल, पण बालाघाटाच्या घड्यांत दडलेल्या वाड्या-तांड्यांवर, आड आलेल्या टेकडीमागे ती पोचेलच असे नाही. मीडियम वेव्ह, म्हणजे आकाशवाणीच्या भाषेत मध्यम लहरी, जमिनीला धरून चालतात आणि असे अडथळे पार करतात. परभणी केंद्र 1968 पासून मध्यम लहरींवर बोलू लागले तेव्हा मराठवाड्यातल्या शेतावर ते ऐकू येई ते यामुळेच. शॉर्टवेव्हचा हिशेब याहून वेगळा. 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या या लघुलहरी वर जातात, वातावरणाच्या विद्युतभारित थरावर आपटून परत येतात आणि हजारो किलोमीटरवर उतरतात. दिवसा 16 आणि 19 मीटर, रात्री 41 आणि 49 मीटर, असे पट्टे वेळेनुसार बदलावे लागतात. आवाज जवळ येतो, दूर जातो, मधेच बुडतो. तरीही वाटेत ना टॉवर, ना केबल, ना कुणा कंपनीची परवानगी. बोलणारा तिकडे आणि ऐकणारा इकडे. मधे कुणीच नाही.

आमच्या मते शॉर्टवेव्हचे खरे मोल याच गोष्टीत आहे आणि गेलेल्या दिवसांच्या हळहळीत ते झाकले जाऊ नये. रेडिओ ऐकणाऱ्याची नोंद कुठेही होत नाही. त्याला खाते उघडावे लागत नाही, रिचार्ज मारावा लागत नाही. त्याने काय ऐकले, किती वेळ ऐकले आणि मधेच का बंद केले, हे कुणालाही कळत नाही. 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, 42.34 मीटरवर. पोलिस मागावर असल्याने केंद्राला वारंवार जागा बदलावी लागे. 12 नोव्हेंबरला धाड पडली, केंद्र हाती लागले, चालवणारे पकडले गेले. ऐकणारे मात्र पकडता आले नाहीत, कारण त्यांचा मागमूसच नव्हता. आजच्या कोणत्या माध्यमाबद्दल असे म्हणता येईल?

मराठवाड्याला तर रेडिओची ताकद सांगावी लागू नये. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबादचा डेक्कन रेडिओ हा निजामाचा आवाज. औरंगाबादलाही त्या राज्याचे केंद्र होते, आणि 1 एप्रिल 1950 रोजी ही दोन्ही केंद्रे भारत सरकारच्या ताब्यात आली. त्याआधी 17 सप्टेंबर 1948 ला, ज्या दिवशी आपण आज मुक्तिसंग्राम दिन पाळतो, निजामाच्या शरणागतीची घोषणा झाली तीही हैदराबादच्या रेडिओवरूनच. ज्या गावांत वर्तमानपत्र दोन दिवस शिळे होऊन पोचत असे, तिथे ही बातमी त्याच दिवशी पोचण्याचा एकच मार्ग होता, आणि तोही ज्या एखाद्या घरात सेट असेल तिथपर्यंतच.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि हे सुख शेताच्या बांधावर उतरले. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना त्याचे अंग न् अंग माहीत आहे. भोके पाडलेले कातडी कव्हर, त्याला खांद्यात अडकवायचा पट्टा, मागच्या झाकणात तीन-चार सेल. सेल मंदावले की उन्हात ठेवायचे. तेवढ्याने एखादी संध्याकाळ निभून जाई. काटा सरकेनासा झाला म्हणजे डायलचा दोरा तुटला. बँड बदलताना कडकड वाजू लागले म्हणजे स्विचमध्ये कार्बन धरला. ही दुरुस्ती आठवडी बाजारात डबा घेऊन बसणारा मेकॅनिक तिथल्या तिथे करून देई. आतली एरियल पुरत नसे म्हणून तांब्याची तार ओढून लिंबाच्या फांदीला बांधायची. आणि मग अंगठ्याने चाक केसभर मागे, केसभर पुढे करत राहायचे. चिनी, अरबी, रशियन आवाजांच्या गर्दीतून आपले स्टेशन नेमके सापडले की घरातले सगळे गप्प व्हायचे.

सापडायचे ते काय काय! मुंबई केंद्राचे कार्यक्रम 60 मीटरवर, 4840 किलोहर्ट्झवर, रात्री डोंगरापलीकडेही लागत. रेडिओ सिलोन तर घरचेच झाले होते. तेही एका मराठी माणसामुळे, हे इथे नोंदवले पाहिजे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची तळमळ खरी होती. परंतु लोकांनी काटा कोलंबोकडे फिरवला, कारण तिथला प्रक्षेपक शॉर्टवेव्हवर होता आणि समुद्रापलीकडून थेट शेतापर्यंत पोचत होता. अमीन सयानींची बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली. मंत्र्याचा निर्णय श्रोत्याने नुसते एक चाक फिरवून बदलायला लावला, असे उदाहरण आपल्या लोकशाहीत फार थोडे सापडेल.

बीबीसी मराठीतून 1942 ते 1958 बोलत होती. रेडिओ मॉस्कोही मराठीत बोलत असे. पुढे बीबीसीची हिंदी सेवा गावागावांत ऐकली गेली. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमी आपल्या आकाशवाणीने संध्याकाळपर्यंत धरून ठेवली आणि बीबीसीने ती आधी दिली, हे त्या पिढीतले लोक आजही सांगतात. सरकारी निवेदनाला ताडून पाहायला दुसरा आवाज हाताशी असणे म्हणजे काय, ते त्या दुपारी शॉर्टवेव्हवाल्यांना कळले. ती हिंदी सेवा 31 जानेवारी 2020 ला शॉर्टवेव्हवरून बंद झाली. आता ती मोबाइलवर मिळते, असे उत्तर देण्यात येते. 2023 च्या ऑक्टोबरात बीडमध्ये ती मोबाइलवर मिळत नव्हती.

बंद होणाऱ्यांची यादी लांबलचक आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकाची हिंदी रेडिओसेवा 2008 मध्ये थांबली. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल यांनी 2012 मध्ये शॉर्टवेव्ह सोडली, रेडिओ ऑस्ट्रेलियाने 2017 मध्ये. आकाशवाणीनेही लघुलहरींवरची आपली प्रादेशिक प्रक्षेपणे एकामागून एक आवरती घेतली. रात्रभर बोलणारी राष्ट्रीय वाहिनी 1988 मध्ये सुरू झाली होती. तिच्यासाठी नागपूरला 1000 किलोवॉटचा मध्यम लहरींचा प्रक्षेपक होता. रात्रपाळीचा पहारेकरी, ट्रकचालक, रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणारा शेतकरी यांना सोबत करणारी ही वाहिनी जानेवारी 2019 मध्ये बंद झाली. खर्च वाचला. विजेचा आणि देखभालीचा खर्च मोठा असतो, हे मान्य आहे. उच्च शक्तीचा प्रक्षेपक चालवणे स्वस्त नाही, आणि श्रोतेच उरले नसतील तर तो कुणासाठी चालवायचा, हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण श्रोते का उरले नाहीत, याचे उत्तर नुसते टीव्ही आणि मोबाइल एवढेच नाही. कार्यक्रम कमी झाले, स्टेशने गेली, म्हणून सेट घेणे लोकांनी सोडले. सेट खपेनात म्हणून कंपन्यांनी ते काढणे सोडले. सेटच नाहीत म्हणून उरलेली स्टेशने गेली. ठाण्यात कारखाना असलेले मर्फी केव्हाच संपले. सोनीनेही 2018 च्या सुमारास आयसीएफ-एसडब्ल्यू 7600 जीआर हा आपला नावाजलेला शॉर्टवेव्ह सेट बंद केला.

श्रोते घटण्याचे आणखी एक कारण आहे, ज्याचा उल्लेख क्वचितच होतो. आज एखाद्याने जुना सेट दुरुस्त करून लावला तरी त्याला काही ऐकू येईल याची खात्री नाही. एलईडी दिवे, मोबाइलचे स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, सौर पंपांचे कंट्रोलर या सगळ्यांतून विद्युतचुंबकीय गोंगाट बाहेर पडतो आणि तो नेमका मध्यम व लघुलहरींच्या पट्ट्यांत पसरतो. आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये याचा प्रत्यक्ष पडताळा घेता येतो. लाइट गेली की सेलवर चालणाऱ्या सेटमधली खरखर एकदम खाली बसते आणि तिच्याखाली दबलेले स्टेशन वर येते. लाइट आली की पुन्हा सगळे बुडते. वस्तू विकायला परवानगी देताना तिच्यातून किती गोंगाट बाहेर पडतो हे तपासणे अवघड नाही. त्याचे निकष आहेत, पण बाजारातल्या चाळीस-पन्नास रुपयांच्या चार्जरला ते कोण लावणार?

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा यात काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. दिवाळी झाली की या जिल्ह्यातली लाखो माणसे कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आणि कर्नाटकातही जातात. सहा-सहा महिने फडाशेजारच्या कोप्यांत राहतात. तिथे मोबाइल चार्ज करायलाही कारखान्याच्या नाहीतर गावातल्या कुणाच्या तरी विजेवर अवलंबून राहावे लागते. एफएम केंद्र दर पन्नास-साठ किलोमीटरवर बदलते. बीडचे केंद्र कोल्हापूरला लागत नाही, बेळगावला तर नाहीच. मध्यम किंवा लघुलहरींवरचा एक प्रक्षेपक मात्र बीडच्या वाडीवरची म्हातारी आणि कर्नाटकातल्या फडावरचा तिचा मुलगा या दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट ऐकवू शकतो. त्या मुलाला गावाकडे पाऊस झाला का, ऊसतोडीच्या दराचे काय ठरले, मुकादमाच्या उचलीविषयी कायदा काय सांगतो, मागे ठेवलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह सुरू झाले का, हे रोज ऐकायला मिळाले तर ते त्याच्या किती कामाचे आहे! हा श्रोता आजही आहे. त्याच्यासाठी कार्यक्रम कुणी केला नाही, एवढेच.

आकाशवाणीचे ॲप आहे, त्यावर सगळी केंद्रे मिळतात, हे खरे. शहरातल्या माणसाला आणि परदेशातल्या मराठी घराला त्याचा उपयोगही आहे. पण ॲप म्हणजे नेट, आणि नेट म्हणजे टॉवर, वीज, पैसे आणि कधीही निघू शकणारा बंदीचा आदेश. पुरात टॉवरची वीज जाते. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मोबाइल नव्हतेच. असते तरी त्या पहाटे त्यांचे टॉवर किती उभे राहिले असते? युक्रेनवर रशियाने हल्ला केला तेव्हा, मार्च 2022 मध्ये, बीबीसीने कीव्ह आणि रशियाच्या काही भागांसाठी रोज चार तास शॉर्टवेव्हवर बातम्या सुरू केल्या. इंटरनेटच्या युगात, युरोपच्या ऐन मध्यावर! कारण युद्धात सर्वांत आधी टॉवर पडतात, हे त्यांना ठाऊक होते. प्रक्षेपक मोडून टाकले नव्हते म्हणूनच हे करता आले. भंगारात काढलेला प्रक्षेपक संकटाच्या आदल्या रात्री उभा करता येत नाही.

मार्ग आहेत, आणि फार महागही नाहीत. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये मोबाइल कंपन्यांना सूचना केली की फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नये. आपत्तीच्या काळात ती उपयोगी पडते हे कारणही दिले. ही नुसती सूचना राहता कामा नये, ती सक्तीची झाली पाहिजे. डिजिटल रेडिओसाठी डीआरएम या तंत्राचे प्रक्षेपक उभारण्यात मोठा पैसा गेला, पण हजार-पाचशेत मिळणारा सेट बाजारात आला नाही, आणि मुख्यतः गाडीतच ऐकू येणारा रेडिओ शेतकऱ्याच्या काय कामाचा? आधी स्वस्त सेट द्यावा, मग साधी प्रक्षेपणे बंद करण्याची भाषा करावी. तोवर मराठवाड्यासाठीच्या मध्यम लहरी बंद करू नयेत, आणि लघुलहरींवरून रोज अर्धा तास तरी मराठीत, गाव सोडून गेलेल्यांसाठी, बोलावे.

जिल्हा प्रशासनाला तर दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून प्रत्येक ग्रामपंचायतीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, आश्रमशाळेत आणि नारायणगडासारख्या यात्रेच्या ठिकाणी सेलवर व सौर ऊर्जेवर चालणारा एकेक चांगला सेट ठेवता येईल. इंटरनेट बंदीचा आदेश काढताना त्याच आदेशात, आकाशवाणीवरून किती वाजता निवेदने दिली जातील, हे लिहिणे बंधनकारक करता येईल. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर गाव सोडतात. कामगारांना ओळखपत्रे वाटली जातात त्याच वेळी टोळीमागे एक सेट द्यायचा झाला, तर त्याची खरेदी पावसाळ्यातच करावी लागेल.